लाल पेन खाली ठेवा: डिमेन्शिया झालेल्या आईला सांभाळताना

मी प्रुफं तपासते. तीस वर्षं तेच काम. ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला दिसला की हात आपोआप समासाकडे जातो. आईला डिमेन्शिया झाल्यावर पहिले सहा-सात महिने मी तिचीही प्रुफं तपासत होते.

"आज सोमवार ना?" "नाही आई, गुरुवार." "माझं गिऱ्हाईक यायचंय." "अगं, तू शिवणकाम बंद करून अकरा वर्षं झाली." प्रत्येक वाक्यावर माझी खूण. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "हे अजून कसे आले नाहीत?" बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती, ते मी सांगितलं. ती रडली, जशी काही बातमी आत्ताच आली होती. वीस मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा रडली. तिसऱ्यांदा म्हणाली, "मग मला कुणी कळवलं का नाही?" रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, एका संध्याकाळी मी माझ्या आईला तीनदा विधवा केलं होतं.

पुढचं सगळं त्यानंतरच्या सहा वर्षांत चुकत चुकत शिकलेलं आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल लिहिलंय ते डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून.

आधी नाव शोधा

"वय झालं, विसरणारच" असं म्हणून आम्ही वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, लक्षणांच्या गटाचं नाव आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळे आल्यानं होणारा वेगळा, मेंदूत लेवी बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साठल्यानं होणारा वेगळा, आणि स्मरणापेक्षा आधी स्वभाव किंवा भाषा बदलणारा फ्रंटोटेम्पोरल आणखी वेगळा. शिवाय विसराळूपणाची काही कारणं अशी असतात की त्यांच्यावर उपचार होतात: बी१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त. म्हणून रक्ततपासण्या आणि मेंदूचा स्कॅन टाळू नका.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, सर्दीच्या, ॲलर्जीच्या आणि झोपेच्यासुद्धा. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि लघवी आवरण्याची काही औषधं मेंदूत निरोप पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात, आणि अल्झायमरमध्ये नेमकी त्याचीच चणचण असते. कान आणि डोळेही तपासून घ्या. माझी आई "काही समजत नाही" अशी झाली होती, त्यातलं निम्मं कानातल्या मळाचं काम होतं. मळ काढल्यावर आजार गेला नाही, पण मला ओरडून बोलावं लागेना, आणि ओरडून बोललेलं प्रत्येक वाक्य तिला रागावल्यासारखं वाटत होतं तेही थांबलं.

प्रकार कोणता हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. लेवी बॉडीच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारख्या अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम आवरायला देतात त्या औषधानं गंभीर अपाय होऊ शकतो. मध्यरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर उभं राहायची वेळ आली तर तो कागद हातात असावा.

डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमॅन्टिन ही औषधं काहींना काही काळ हात देतात. आजार बरा करत नाहीत. आणि आरडाओरडा शांत करायला अँटिसायकोटिक सुचवलं गेलं तर "याशिवाय काय करता येईल, किती दिवस द्यायचं, बंद कधी करायचं" हे तिन्ही प्रश्न विचारा. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ साली नव्या आणि २००८ साली जुन्या अँटिसायकोटिक औषधांवर छापायला लावला. कधी कधी ती लागतात. पण पहिला उपाय म्हणून नाही.

घटना पुसली जाते, तिची चव राहते

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर खराब होतो. नवी आठवण तिथं घडते. त्यामुळे सकाळी काय झालं ते टिकत नाही, पन्नास वर्षांपूर्वीचं मात्र लख्ख असतं. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या १७ रुग्णांना त्यांनी आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिलं ते बहुतेकांना सांगता येईना, पण उदासपण आणि आनंद मागे रेंगाळत राहिले. ज्यांना चित्रफितीतलं कमी आठवत होतं त्यांचं दुःख तर जास्त टिकलं.

हे वाचलं तेव्हा माझी ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आली. आईला बातमी आठवत नव्हती, पण छातीवर काहीतरी बसलेलं होतं आणि ते कशाचं हे तिला कळत नव्हतं. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तेव्हापासून मी चूक-बरोबर बघायचं सोडलं. हे बोलणं संपल्यावर तिच्याकडे काय उरणार आहे, एवढंच बघते.

उत्तर कसं द्यायचं

"हे अजून आले नाहीत?" याचं माझं आजचं उत्तर असं: "वाट बघतेयस का त्यांची? यायला उशीर केला की तू काय करायचीस गं?" मग ती सांगते. ताट झाकून ठेवायची, मशीनवर बसायची, बोलायची नाही. सांगता सांगता हसते. मी खोटं बोलले नाही, बाबा येतील असं म्हणाले नाही. वाक्याला नाही, वाक्यामागच्या ओढीला उत्तर दिलं.

खोटं बोलावं की नाही, यावर घरोघरी भांडणं होतात. माझी रेघ अशी आहे: मी आपणहून खोटं रचत नाही, पण तिच्या जगात शिरायला लाजत नाही. कधी कधी ती माझ्याकडे रोखून बघून विचारते, "ते गेले का गं?" तेव्हा मी हात धरून "हो" म्हणते. त्या वेळी तिला आतून माहीत असतं, आणि "नाही" म्हटलं तर ती एकटी पडेल.

"मला घरी जायचंय." हे वाक्य स्वतःच्याच घरात बसून म्हटलं जातं आणि आपण हमखास म्हणतो, "हे घरच आहे." उपयोग शून्य. घर म्हणजे पुष्कळदा जागा नसते. दमले, भीती वाटते, लघवीला लागलंय, काही ओळखीचं वाटत नाही, यांतलं काहीही असतं. मी आधी संडासाकडे नेते. मग "चल, जाऊ" म्हणते, चपला घालतो, एक फेरी मारून येतो. परत आल्यावर दार उघडताना तीच कित्येकदा म्हणते, "आलो बाई एकदाचे."

चोरीचा आळ मनाला सगळ्यांत जास्त लागतो. आईची कात्री रोज कुणीतरी चोरतं आणि ते कुणीतरी बहुधा मी असते. पहिल्यांदा मी दुखावून अर्धा दिवस बोलले नाही. आता म्हणते, "कात्री नाही म्हणजे काम अडलं की. चल, शोधू." कात्री उशीखाली असते हे मला माहीत असतं, तरी मी ती काढून देत नाही. मी काढली की चोर मीच ठरते. उशीपर्यंत तिला नेते, सापडू देते तिलाच. आणि तशीच दुसरी, टोकं बोथट केलेली कात्री कपाटात ठेवलेली आहे.

काही बारीकसारीक. पाठीमागून बोलू नका, समोरून या. त्यांची नजर आजूबाजूचं कमी टिपते आणि अचानक आलेला हात म्हणजे हल्ला. उभ्यानं बोलू नका, बसा. एका वेळी एकच वाक्य. मग थांबा. मनात दहा आकडे मोजा, खरंच मोजा, कारण आपण तिसऱ्यालाच तोंड उघडतो आणि तिनं जुळवत आणलेलं सगळं विस्कटतं. "काय घालायचं?" असं नाही, दोन कपडे पुढे धरून "हा की हा?" आणि "आठवतंय का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. भेटायला येणारी माणसं दारातच विचारतात, "मला ओळखलं का?" माणसाला उंबऱ्यावर परीक्षेला बसवायचा हा काय प्रकार आहे? मी पाहुण्यांना जिन्यातच सांगून ठेवते: आपलं नाव स्वतः सांगा आणि बसा. मलाही ती बरेचदा "ताई" म्हणते, तिची थोरली बहीण समजून. मी ओ देते.

अचानक बिघडलं तर तो डिमेन्शिया नव्हे

दुसरं काही वाचलं नाहीत तरी हा भाग वाचा. डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी सरकतो. माणूस एका दिवसात किंवा एका रात्रीत बदलला, एकदम भ्रमिष्ट झाला किंवा एकदम गुंगीत गेला, तर त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्यामागे शरीरात काहीतरी घडलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आई एका रात्री हवेतून दोरे वेचायला लागली. चिमटीत धरून ओढायची, बोटाला गुंडाळायची. मला वाटलं, झालं, पुढचा टप्पा आला. मी त्या टप्प्याबद्दल वाचत बसले आणि एक अख्खा दिवस वाया घालवला. निघाला लघवीचा संसर्ग. औषधानं चार-पाच दिवसांत दोरे गेले.

तेव्हापासून वागणं बिघडलं की मी आधी शरीर बघते: ताप आहे का, लघवीला जळजळ किंवा वास आहे का, पोट किती दिवस साफ नाही, पाणी किती प्यायलं गेलं, नवी गोळी सुरू झाली का, कुठं पडली का. दुखतं का हे विचारून कळत नाही, "नाही" असंच उत्तर येतं. कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना निघालेला आवाज यांवरून कळतं. एकदा तीन दिवसांची चिडचिड दाढेची होती. यासाठी एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, त्याआधी काय झालं होतं. माझ्या वहीतून दिसलं की भांडणं बहुतेक साडेपाच ते सात या वेळात होतात. संध्याकाळी अस्वस्थता वाढणं या आजारात नेहमीचं आहे. आता पाचलाच सगळे दिवे लागतात, टीव्ही बंद होतो आणि पाहुणे त्या वेळेत घ्यायचे नाहीत.

अंघोळ

अंघोळीवरून आमच्यात जी युद्धं झाली ती मला अजून लाजवतात. एकदा मी तिला दंडाला धरून न्हाणीघरात ओढलं. तिनं माझ्या मनगटावर ओरबाडलं. नंतर शांतपणे विचार केला: एक बाई, जी आज मला ओळखत नाहीये, तिला मी बंद खोलीत नेऊन तिचे कपडे काढतेय. मीही ओरबाडलं असतं.

आता जमतं ते असं. खोली आधी उबदार करायची, कपडे आणि टॉवेल आधीच आत. स्टूल, धरायला दांडा, खाली न घसरणारी चटई. "अंघोळ" हा शब्द काढत नाही. "कोमट पाणी आहे, पाय शेकूया" म्हणते. अंगावर, खांद्यांवरून मोठा टॉवेल, तो पूर्ण काढायचाच नाही, खालून-खालून धुवायचं. पाणी आधी तिच्या हातावर, मग पाय, मग वर. डोक्यावरून पाणी कधीच नाही. केस वेगळ्या दिवशी. तिच्या हातात एक फडकं दिलं की ती स्वतःच घासायला लागते, किंवा निदान हात गुंतलेले राहतात. "नको" म्हणाली की थांबते, खरोखर थांबते, अर्ध्या तासानं पुन्हा विचारते. रोज पूर्ण अंघोळ लागत नाही. मांड्या, काखा, घड्या पडतात त्या जागा ओल्या फडक्यानं स्वच्छ झाल्या की पुष्कळ.

कपड्यांच्या दुकानात मला वेलक्रोचे कपडे सुचवले होते, बटणं नकोत म्हणून. बऱ्याच जणांना ते सोयीचे पडतात. आईला नाही. तिची बोटं काज ओळखतात. चमचा कशाला म्हणतात हे तिला सांगता येत नाही त्या दिवशीही ती सहा बटणं लावते.

घर

डोळे ठीक असले तरी मेंदू दृश्याचा अर्थ वेगळा लावतो. दारातलं काळं पायपुसणं आईला खड्डा वाटायचं; ती त्याच्या काठावर थबकून उभी राहायची आणि मी "चल ना" म्हणून मागून घाई करायची. पायपुसणं काढलं, प्रश्न संपला. आरशात अनोळखी म्हातारी दिसते म्हणून आरसा झाकला. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड दिसत नाही, म्हणून त्यावर रंगीत बैठक बसवली, दार उघडं ठेवलं आणि पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर मंद दिवे. ओली अंथरुणं यानं निम्म्यावर आली.

औषधं कुलपात, गॅस वापरून झाला की मुख्य नळी बंद. बाहेरच्या दाराची कडी नजरेच्या वर लावली, पण माणसाला घरात एकटं कोंडून बाहेर जाऊ नका. आग लागली तर तिला बाहेर पडता येणार नाही. तिच्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरमागे मी फोन नंबरची पट्टी शिवली आहे. चालू महिन्यातला फोटो माझ्या फोनमध्ये असतो. हरवलीच तर आधी घर, जिना, झुडपं, जवळपास बघा, आणि पंधरा मिनिटांत सापडली नाही तर पोलिसांना कळवा. "येईल थोड्या वेळानं" असं म्हणत थांबू नका.

जेवणाबद्दल थोडकंच. नक्षी नसलेलं, अन्नापेक्षा वेगळ्या रंगाचं ताट. एका वेळी एकच पदार्थ पुढे. ताठ बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घास घेताना खोकला येऊ लागला किंवा आवाज ओलसर येऊ लागला तर गिळण्याची तपासणी करून घ्या, अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शेवटच्या टप्प्यात नळीनं भरवण्याचा प्रश्न येतो. प्रगत डिमेन्शियात नळीनं आयुष्य वाढतं असं दिसून आलेलं नाही. त्याबद्दल तिला काय हवं, हे ती सांगू शकत होती तेव्हाच मी विचारून लिहून ठेवलं. बँक, मृत्युपत्र हेही तेव्हाच उरका. नंतर तिची सही कुणी मानत नाही, आणि मानूही नये.

हाताला काम

हातांचं शिक्षण मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठतं आणि उशिरापर्यंत टिकतं. तुमच्या माणसाच्या हातांना काय येत होतं ते शोधा. आईसाठी बटणांचा डबा, मोजपट्टी आणि पायमशीन, सुई काढलेली. नंतर धीर करून सुई लावली आणि शेजारी बसले. तिनं फडक्याला टीप मारली, वाकडी, मध्येच सुटलेली. मी काय करावं? रात्री ती उसवली आणि सरळ मारून ठेवली. सकाळी तिनं फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "हे माझं नाही." तेव्हापासून उसवणं बंद.

मी तिच्यावर ओरडतेही, सहा वर्षांत कितीदा ते मोजलेलं नाही. आवाज चढतोय असं वाटलं की ती सुरक्षित आहे एवढं बघून दुसऱ्या खोलीत जाते, दार लावते, पाच मिनिटं. झोप सलग तीन रात्री मोडली की मी वाईट माणूस होते, हे आता मला माहीत आहे, म्हणून मदत मागते. "जरा बघत जा" असं म्हणून दादानं कधी काही बघितलं नाही. उलट तासाभरासाठी येऊन "ठीक तर आहे की" म्हणायचा, कारण पाहुण्यांसमोर ती सगळं बळ एकवटून नीट वागते आणि नंतर दोन दिवस कोसळते. मग मी त्याला तारखा दिल्या. दर दोन महिन्यांनी चार दिवस तो इथं राहतो, मी निघून जाते. जाताना फ्रिजवर कागद लावते. मागच्या वेळचा असा होता:

दादा,
गोळ्या सकाळी ८ आणि रात्री ९. तिच्यासमोर मोजू नकोस.
चष्मा पुसून दे. कानातल्या यंत्राचा सेल शुक्रवारी बदल.
पाचला दिवे.
"माझं गिऱ्हाईक यायचंय" म्हणाली तर कोण, ते विचार. मापं सांगेल, लिहून घे.
तुला "अहो" म्हणाली तर दचकू नकोस. शेजारी बस.
अचानक जास्त झोपली किंवा भलतंच दिसायला लागलं तर थांबू नकोस, आधी डॉक्टर, मग मला फोन.
रात्री दोनला उठते. संडास, मग पाणी, मग पाठीवरून हात.
बॉबिन भरून ठेवली आहे. संपली तर निळा दोरा भर, पांढरा तिला दिसत नाही.